एक नाणे आणि उरलेली नऊ



पोळ्याच्या करीला आणि दिवाळीच्या चार दिवसांत आपल्याकडे पत्ते निघतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. कोणी ओट्यावर बसतो, कोणी शेतातल्या झोपडीत, कोणी बंद दुकानाच्या मागे. मग पेपरात चार ओळींची बातमी येते : बावन्न पत्त्यांच्या जुगारावर छापा, किंवा एक्का बादशहा खेळताना अमुक जण ताब्यात. जप्त रकमेचा आकडा असतो, मोटारसायकली किती तेही असते. त्या रात्री घरी काय झाले, ते मात्र पेपरात नसते. ते माझ्या अंगणात येते.

गेल्या काही महिन्यांत तीन घरची माणसे माझ्याशी या विषयावर बोलून गेली. (पापनिवेदनात ऐकलेला एक शब्दही मी इथे लिहीत नाही, कधी लिहिणारही नाही. हे चहा पिताना झालेले बोलणे आहे, आणि त्यांना विचारूनच लिहितो आहे.) तिघांचे वाक्य जवळजवळ एकच होते. "फादर, मी खेळाच्या नादानं नाई बसत. गेलेले तेवढे काढतो अन् उठतो."

हे वाक्य मला नवीन नाही, कारण ते मी स्वतः म्हटलेले आहे. सेमिनरीत असताना एका दिवाळीला घरी आलो होतो. तत्त्वज्ञानाची पदवी नुकतीच पदरात पडली होती, आणि ज्या गोष्टी आपल्या हातात नाहीत त्यांवर मन गुंतवू नये, या स्टोइक शिकवणीवर मी मोठा निबंध लिहिला होता. रात्री चुलतभावांबरोबर तीन पत्तीला बसलो. पाच रुपयांची चाल. तासाभरात एकशे चाळीस रुपये गेले. रक्कम तुम्हाला हसण्यासारखी वाटेल, मला त्या वेळी तशी वाटली नाही. मी पत्ते न पाहता चाल करू लागलो. धाकट्या भावाने 'शो' मागितला तर त्याच्यावर ओरडलो. आई म्हणाली, "उठ आता." मी म्हणालो, "गेलेले तेवढे काढतो अन् उठतो." दोनशे ऐंशी हरून उठलो. त्या रात्री सायंप्रार्थना म्हणायला पुस्तक उघडले आणि एक ओळही मनात शिरली नाही. एपिक्टेटस आणि मार्कुस ऑरेलियुस दोघेही मला सोडून गेले होते.

म्हणून आज उपदेशाच्या आसनावरून नव्हे, त्याच सतरंजीवर बसलेला माणूस म्हणून लिहितो.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू येशूने एका बाईचा दाखला दिला आहे. तिच्याजवळ दहा नाणी होती. ते नाणे म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. एक हरवले. तिने दिवा लावला, घर झाडले, आणि सापडेपर्यंत शोधले. हा दाखला आपण पापी माणसाला शोधणाऱ्या देवाविषयी ऐकतो, आणि तोच त्याचा खरा अर्थ आहे. पण अलीकडे तो वाचताना माझे लक्ष दुसरीकडे जाते. एक नाणे हरवल्यावर त्या बाईने उरलेली नऊ कुठे ठेवली? ती तिने पदराला घट्ट बांधली असणार. हरवलेले शोधायला तिने घरातला दिवा आणि झाडू वापरला, उरलेली नऊ नाणी वापरली नाहीत.

पत्त्याच्या फडावर नेमके उलटे होते. एक गेले म्हणून दुसरे टाकतो, दोन गेली म्हणून चार टाकतो. दिवा लावायचा सोडून आहे तोही विझवतो.

असे का होते? माणूस मूर्ख असतो म्हणून होत नाही. डॅनिएल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या स्वभावावर एक प्रसिद्ध लेख लिहिला. कानेमन यांना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांना आढळले की शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये गेल्याचे दुःख यांचे वजन सारखे नसते. गेल्याचे दुःख जवळजवळ दुप्पट जड असते. दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे. नफ्यात असलेला माणूस जपून वागतो, आणि तोट्यात असलेला धाडसी होतो. नुकसान मान्य करून उठण्यापेक्षा आणखी मोठे नुकसान पत्करण्याची जोखीम त्याला बरी वाटते. म्हणजे ज्या क्षणी हात आखडता घ्यायला हवा, त्याच क्षणी तो सैल सुटतो.

पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ तुमच्यापैकी तरुणांना मोबाईलमुळे ठाऊक असेल. त्यात वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांनी या अवस्थेला 'टिल्ट' असे नाव ठेवले आहे. जुन्या पिनबॉलच्या यंत्राला चिडून हलवले, तिरके केले, की यंत्र बंद पडते आणि त्यावर ही अक्षरे उजळतात. तिथून तो शब्द आला. आपण त्याला 'डोकं फिरलं' म्हणतो, त्यात काही कमी नाही.

डोके फिरलेल्या माणसाला आणखी एक भ्रम होतो : इतके डाव गेले, म्हणजे आता लागणारच. जरा हिशेब करू. तीन पत्तीत बावन्न पानांतून तीन पाने हाती येण्याचे एकूण २२,१०० प्रकार आहेत. त्यांत तिन्ही पाने सारखी येण्याचे प्रकार फक्त ५२, म्हणजे सव्वाचारशे डावांत सरासरी एकदा. जोडीसुद्धा नाही, रंग नाही, क्रम नाही, नुसते मोठे पान, असे १६,४४० प्रकार आहेत. म्हणजे चार डावांपैकी तीन डाव हातात काहीच नसते. पाच जण बसले आणि सगळ्यांना सारखी संधी धरली, तर लागोपाठ पाच डाव एकही न जिंकण्याची शक्यता जवळजवळ तीनात एक आहे. यात नशीब रुसलेले नसते, हे नेहमीचेच आहे. आणि पिसलेल्या पानांना मागचा डाव आठवत नाही. आठवणारे फक्त आपणच असतो.

त्यात अड्ड्यावर बसलात तर नाल असते. समजा पाच जण हजार-हजार घेऊन बसले, प्रत्येक डावात दोनशे जमले आणि जागेच्या मालकाने त्यातून दहा काढले. रात्रभरात शंभर डाव झाले, तर हजार रुपये त्याच्या पेटीत. पाच हजारांतले हजार कोणीही न हरता गेले! चौघे म्हणतील पाचवा जिंकला, पाचवा म्हणेल माझे तर जेमतेम निघाले. खरा जिंकणारा पत्ते हातात न धरताच झोपायला गेलेला असतो.

आता पोकरचे जाणकार यावर काय सांगतात? ते म्हणतात, खेळाचे पैसे संसाराच्या पैशांपासून वेगळे ठेवा. किती गेले की उठायचे ते बसण्याआधी ठरवा. निर्णय बरोबर होता का ते पाहा, डाव गेला की आला ते पाहू नका. आणि राग आला की उठून बाहेर जा. ऐकून मला आपल्या संत इग्नेशियसची आठवण झाली. सैनिकी पेशातून आलेल्या या संताने आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात एक नियम दिला आहे. मन उदास, काळोखलेले, देवापासून दूर गेल्यासारखे वाटत असेल, त्या काळात आधी ठरवलेल्या गोष्टीत बदल करू नये. मन शांत असताना जे ठरवले त्याला चिकटून राहावे. कारण त्या काळोखात सल्ला देणारा आवाज चांगल्याचा नसतो. पाचशेच घेऊन बसायचे असे घरून ठरवून निघालेला माणूस रात्री अकरा वाजता शेजाऱ्याकडे हजार उसने मागतो, तेव्हा तो ठराव मोडण्याचा सल्ला त्याला कोण देत असतो?

इथपर्यंत पोकरवाले आणि संत इग्नेशियस एका वाटेने चालतात. पुढे माझी वाट पोकरवाल्यांपासून वेगळी होते. त्यांच्या शिस्तीचा पाया असा की पैशाला पैसा समजायचे नाही. तो नुसता आकडा, रंगीत चकती. ज्याला गेल्याचे दुःख होत नाही तोच चांगला खेळतो. असेल. पण आपल्या घरात पाचशे रुपये ही चकती आहे का? ती दोन दिवसांची वेचणी आहे, फवारणीचे औषध आहे, पोरीच्या बसचा महिन्याचा पास आहे. ते गेल्यावर पोटात जो खड्डा पडतो, तो मनाचा दुबळेपणा नव्हे. ते पैसे कशाचे होते, हे मन आपल्याला सांगत असते. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की भावना स्वतः पाप नसतात. त्या विवेकाच्या हाताखाली चालल्या की त्यांतून सद्गुण घडतो. मग पैसे लावताना छातीत धडधडते, त्या भीतीला दारू पाजून गप्प करण्यापेक्षा तिचे ऐकलेले काय वाईट? ज्या रकमेची भीती वाटते ती रक्कम फडावर आणायची नव्हती, एवढेच ती सांगते.

थॉमस अक्वायनस यांनी खेळाला वाईट म्हटलेले नाही, हेही सांगतो; नाहीतर म्हणाल की फादरांनी पत्तेच बंद केले. सतत ताणलेले धनुष्य मोडते, तसे मनालाही विसावा लागतो, अशी जुनी गोष्ट ते देतात. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतही पत्ते किंवा पैज यांना सरसकट पाप म्हटलेले नाही. आपल्या किंवा दुसऱ्याच्या गरजेचे पैसे त्यात जाऊ लागले, की ते अन्यायाचे होते. आणि खेळाची ओढ माणसाला गुलाम करू शकते, असा इशारा धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट आहे.

आणि जिंकणाऱ्याचे काय? त्याच्याबद्दल आपण कधी बोलतच नाही. एकदा एक गृहस्थ हसत आले, पाचशेची नोट दिली आणि म्हणाले, फादर, काल डाव लागला, देवाचा वाटा घ्या. मी विचारले, कोणाचे जिंकलात? नाव ऐकून मी नोट परत दिली. तो माणूस हप्त्याच्या मजुरीवर जगतो आणि त्या रात्री त्याच्या खिशात हप्त्याची मजुरी होती. संत थॉमस यांनी हाच प्रश्न सातशे वर्षांपूर्वी घेतला आहे : फाशांवर जिंकलेल्या पैशातून दानधर्म करता येतो का? ज्याला आपले धन देऊन टाकण्याचा अधिकारच नाही, जसे अजाण मूल किंवा बुद्धी ठिकाणावर नसलेला, त्याच्याकडून जिंकले असेल, लोभापायी कोणाला ओढून खेळायला बसवले असेल, किंवा लबाडीने जिंकले असेल, तर ते परत केले पाहिजे. दानाचा प्रश्नच येत नाही. पिऊन बसलेल्या बापाची बुद्धी ठिकाणावर असते का, हे तुम्हीच ठरवा. त्या गृहस्थांनी पैसे त्या घरी नेऊन दिले की नाही, हे मी विचारले नाही. पण त्यानंतर ते मिस्सेला मागच्या बाकावर बसत होते, ते पुढे बसू लागले आहेत.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ते आपल्या मातीशी जोडलेले आहे. पेपरात 'वरली मटका' वाचता ना? त्या मटक्याचे मूळ कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडणारा आणि बंद होणारा भाव तारेने मुंबईच्या कापूस बाजारात येई, आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले, तेव्हा आकडे काढण्याची दुसरी युक्ती निघाली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा काढला. कापूस आपण पिकवायचा, आणि त्याच्या भावावरून निघालेल्या जुगारात मजुरीही आपणच घालायची!

पण कापूस पिकवणारा तरी जुगारापासून कुठे दूर आहे? पाऊस, बोंडअळी, भाव, तिन्ही पाने झाकलेलीच. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसले. पुढच्या हंगामात हमीभाव लांब धाग्याला ६,३८० होता, बाजारात त्याहून बराच जास्त मिळत होता, तरी अनेकांनी कापूस घरात भरून ठेवला. गेल्या वर्षीचा भाव आला की विकू! २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत भाव आठ हजारांच्या खाली आला. खोल्या भरलेल्या, पोरांच्या अंगाला कापसाने खाज, दारात कर्जवाला. मी त्या वेळी काही घरांत गेलो आहे. कोणालाही दोष देत नाही, भाव कोणाला कळतो? पण मनात चाललेले वाक्य ओळखीचे होते. समोर जो भाव होता तो नफ्याचा होता, पण आदल्या वर्षीच्या भावाशी ताडून तो तोटा वाटत होता. आणि तोट्यातला माणूस धाडसी होतो. काहींनी तेव्हा सगळा न ठेवता निम्मा विकला आणि निम्मा ठेवला. भाव वाढला असता तर त्यांना हळहळ वाटली असती, पडला तर अर्धे तरी हाती होते. ते लोक रात्री झोपत होते.

आता मोबाईलची गोष्ट. रमीच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या आहेत. ओट्यावरच्या फडाला निदान एक मर्यादा होती : पहाट व्हायची, बायको हाक मारायची, खिसा रिकामा व्हायचा. मोबाईलमध्ये पहाट नाही, हाक नाही, आणि खिसा म्हणजे बँकेचे सगळे खाते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चांगले झाले. पण कायद्याने दुकान बंद होते, ओढ बंद होत नाही. कोणी 'नवीन ॲप आहे, बाहेरच्या देशातले आहे, चालते' असे सांगत लिंक पाठवली, तर समजा की ती उरलेल्या नऊ नाण्यांसाठी आहे.

संत कामिल्लुस यांचे नाव आपण १४ जुलैला घेतो. रुग्णांचे आणि परिचारिकांचे ते आश्रयदाते. पण ते अट्टल जुगारी होते, हे किती जणांना ठाऊक आहे? इटलीत १५५० साली जन्म, वडील सैनिक, मुलगाही सैनिक. साडेसहा फुटांचा धिप्पाड गडी, पायाला न भरणारी जखम, आणि पत्त्यांचे व फाशांचे वेड. रोमच्या एका रुग्णालयात जखमेच्या उपचारासाठी राहून तिथेच चाकरी करत होते; भांडणे आणि पत्ते यांपायी त्यांना काढून टाकले. मध्येच एकदा फ्रान्सिस्कन साधू होण्याचा नवस केला. मग पुन्हा पत्ते. १५७४ मध्ये नेपल्सला तलवार गेली, बंदूक गेली, कोट गेला, शेवटी अंगातला सदराही गेला. मान्फ्रेदोनिया गावात चर्चच्या दारात भीक मागत उभे असताना कापुचिन साधूंच्या इमारतीवर मजुरी मिळाली. विटा-चुना वाहायचा. तिथल्या एका धर्मगुरूच्या चार शब्दांनी, २ फेब्रुवारी १५७५ रोजी, खेचरावरून एकट्याने जाताना, हा माणूस रस्त्यात खाली उतरून रडला.

आपल्याला वाटते गोष्ट इथे संपली. मला मात्र पुढचा भाग जास्त आवडतो. ज्या रुग्णालयातून पत्त्यांपायी हाकलले होते, तिथेच ते परत गेले आणि पुढे तिथले कारभारी झाले. मग त्यांनी रुग्णसेवकांचा संघ काढला, ज्यांच्या झग्यावर लाल क्रूस असतो. पायाची जखम मरेपर्यंत, १६१४ पर्यंत, भरली नाही. गेलेली तलवार आणि सदरा त्यांनी कधी परत जिंकला नाही. ते गेले ते गेले.

म्हणून त्या तिघांना मी जे सांगितले तेच लिहितो. गेलेली रक्कम एका कागदावर लिहा, घरच्यांसमोर मोठ्याने वाचा, आणि त्याखाली लिहा, 'गेली'. हे अवघड आहे. एकाने लिहायला तीन रविवार घेतले. मजुरी आली की ती त्याच दिवशी बायकोच्या किंवा आईच्या हाती द्या. जुगाराच्या उधारीसाठी कोणी दारात येऊन धमकावत असेल तर घाबरू नका : १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचे पैसे कोणालाही कोर्टातून वसूल करता येत नाहीत. शेत किंवा दागिना त्यापायी लिहून देऊ नका. आधी माझ्याकडे या, आपण वकिलाकडे जाऊ. झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटत असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. माझे दारही रात्री वाजवले तरी चालते, कुत्रा भुंकतो पण चावत नाही.

आणि बायांनो, नवऱ्याने कागद वाचून दाखवला तर त्या दिवशी तरी भांडू नका. भांडण आठ दिवसांनी केले तरी तेवढेच ताजे राहते.

या महिन्यापासून दर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर मी चर्चच्या मागच्या वऱ्हांड्यात तासभर बसणार आहे. कोणाला काही बोलायचे असेल तर बोलावे, नसेल तर नुसते बसावे. पत्ते मी आणीन. काड्यापेटीच्या काड्यांवर रमी खेळू. प्रत्येकाला वीस काड्या, आणि उठताना सगळ्या काड्या पेटीत परत. माझ्या धाकट्या भावालाही बोलावले आहे, त्याचा मी अजून एक 'शो' देणे लागतो.

तुमचा,
फादर